लूनच्या ओळीत किती?

अमेरिकेतल्या मिनेसोटात राज्याचा आयकर भरताना फॉर्मच्या शेवटाकडे एक ओळ लागते. उत्पन्न, वजावटी, कर, परतावा असं सगळं ठरून झालं की ती विचारते, वन्यजीवांसाठी काही देणार का? देणं ऐच्छिक आहे. एक डॉलर लिहा, पन्नास लिहा, नाहीतर रिकामी सोडून पुढे जा. ‘लून शोधा’ अशी तिची जाहिरात होत असते, कारण लून हा पाणपक्षी इथला राज्यपक्षी. १९८०च्या सुमारास ही ओळ फॉर्मवर आली. ज्या प्राणीपक्ष्यांची शिकार होत नाही, आणि म्हणून ज्यांच्या नावाने परवान्यांचा पैसा जमा होत नाही, अशांचं सरकारी काम बऱ्याच अंशी या ओळीच्या जिवावर चालतं. घुबडं, कासवं, वटवाघळं, गरुड, आणि अर्थात लून.

आमच्याकडे फॉर्म मी भरते. “लूनला किती लिहू?” असं मी आतल्या खोलीतून विचारते आणि नवरा न चुकता “गेल्या वर्षी किती लिहिले होते?” असं विचारतो. मग आम्ही त्यात थोडी भर घालतो. देवळातल्या दानपेटीत घडी करून सरकवलेल्या नोटेसारखं ते वाटतं. रक्कम कुणी पाहत नाही, आपल्याला बरं वाटतं, आणि पुढच्या वर्षापर्यंत विषय मिटतो. पण ‘ज्यांची शिकार होत नाही’ हे शब्द माझ्या डोक्यात अडकून बसले होते. ज्यांची होते, त्यांची सोय मग कुठून होते?

ते शेजाऱ्याकडून कळलं. हा शेजारी सत्तरी ओलांडलेला, मूळचा आयर्न रेंजवरचा, म्हणजे राज्याच्या ईशान्येला लोखंडाच्या खाणींचा जो पट्टा आहे तिथला. वडील खाणकामगार. हा मिनियापोलिसला आला, नोकरी केली, निवृत्त झाला. पण मे महिन्यातल्या ज्या शनिवारी मासेमारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी, आणि नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीच्या दिवसांत, तो घरी सापडत नाही. त्याच्या गॅरेजमधल्या फ्रीजरमध्ये काय असतं ते मी विचारत नाही. मी साताऱ्यातल्या अशा घरातली, जिथे अंडी उकडायचं पातेलंसुद्धा वेगळं आणि परसात. शिकारी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा राहिलेला संस्थानिक यायचा. जंगल वाचवणारा माणूस म्हणजे गळ्यात दुर्बीण, पायात कॅनव्हासचे बूट आणि खिशात भाजलेले शेंगदाणे. या दोघांचं हाडवैर असणार हे मी धरूनच चालले होते.

“बदकं कुणाच्या पैशावर जगली असं वाटतं तुला?” शेजाऱ्याने बर्फ ओढता ओढता विचारलं. आणि फावडं टेकवून हिशेब सांगितला. १९३४ पासून पाणपक्ष्यांची शिकार करायची तर दरवर्षी केंद्र सरकारचं एक तिकीट विकत घ्यावं लागतं. त्या पैशातून पाणथळ जागा विकत घेऊन राखल्या जातात. १९३७च्या कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. १९५० मध्ये मासेमारीच्या सामानाचंही तसंच झालं. वर परवाने आहेतच. सुमारे ५७ लाख वस्तीच्या या राज्यात वर्षाला दहा लाखांहून अधिक मासेमारीचे परवाने विकले जातात. इथल्या पंगतीत जागा मिळवायची तर कुठला तलाव, कुठला मासा, किती इंच, एवढं तरी बोलता यायला लागतं.

मला हे पचायला जड गेलं. अजूनही पूर्ण पचलंय असं नाही. पण हिशेबाची वही समोर असताना भावनेने भांडता येत नाही.

शिकारी आणि कोळी सोडून बाकीचे काय देतात, तर तेही देतात. नोव्हेंबर २००८ मध्ये बँका कोसळत होत्या, लोकांची घरं जप्त होत होती, आणि त्याच मतदानात मिनेसोटाच्या मतदारांना विचारलं गेलं, विक्रीकर आठ आण्यांपेक्षाही कमी, म्हणजे शंभराला तीन-अष्टमांश डॉलर, वाढवायचा का? पाणी, रान, बागा आणि कला यांच्यासाठी, पंचवीस वर्षं, थेट राज्याच्या घटनेत लिहून. यात एक मेख होती. घटनादुरुस्तीच्या प्रश्नावर कुणी मत न देता चिठ्ठी कोरी सोडली तर इथे ते ‘नाही’ धरलं जातं. तरीही सुमारे ५६ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. अन्नधान्य आणि कपड्यांवर इथे विक्रीकर नाही, त्यामुळे भार पोळीभाजीवर पडला नाही. दूरदर्शन संच, टायर, खुर्च्या यांवर पडला. जमणाऱ्या पैशाचे भाग घटनेतच वाटून दिलेत. ३३ टक्के वन्यजीवांच्या अधिवासाला, ३३ टक्के स्वच्छ पाण्याला, १४.२५ बागा आणि पायवाटांना, १९.७५ कलेला आणि वारशाला. त्याआधी १९९० मध्ये, लॉटरी सुरू झाली त्याच वर्षी, तिच्या निव्वळ उत्पन्नातला वाटा पर्यावरणासाठी बांधून घेतला होता. २०२४ मध्ये ती मुदत वाढवायला मतदारांनी पाऊणाहून जास्त कौल दिला. सोडतीच्या पैशावर नद्या स्वच्छ होतात, याचं पापपुण्य ज्याला मांडायचंय त्याने मांडावं. मी तिकीट काढत नाही, पण नदीवर जाते.

ही सगळी वही ज्याच्यासाठी मांडलीय ते रान बघायला बाबांना घेऊन गेलो, त्या उन्हाळ्यात बराच उलगडा झाला. बाबांचं आयुष्य पाटबंधारे खात्यात गेलं. त्यातली काही वर्षं कोयनानगरला. अमेरिकेत येऊन त्यांनी धबधबे, पूल आणि एक मॉल पाहिला, आणि तिसऱ्या आठवड्यात “तुमच्याकडे दुसरं काय आहे?” असं विचारलं.

दुसरं म्हणजे बाउंडरी वॉटर्स. राज्याच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून सुमारे अकरा लाख एकर. हजाराहून अधिक तलाव, दोन तलावांच्या मधे कधी ओढा तर कधी नुसती जमीन. रस्ता नाही, वीज नाही, खोल्या नाहीत. कनू, म्हणजे अरुंद हलकी होडी, वल्हवत जायचं, तलाव संपला की सामान उतरवायचं, कनू उलटी करून खांद्यावर घ्यायची आणि पुढच्या तलावापर्यंत चालायचं. या चालण्याच्या वाटेला पोर्टेज म्हणतात आणि तिचं अंतर अजून रॉडमध्ये मोजतात. एक रॉड साडेसोळा फुटांचा, जवळपास एका कनूइतका. नकाशावर ‘१८० रॉड’ वाचून पहिल्यांदा काहीच वाटत नाही. खांद्यावर कनू, पाठीवर पट्ट्यांची पिशवी आणि कानात डास असले की एकेक रॉड मोजला जातो.

बाबांच्या गुडघ्यांना हे झेपणार नव्हतं, म्हणून मूस लेकवरून निघालो. तिथून एकापुढे एक तीन तलाव सलग वल्हवता येतात, पोर्टेज लागत नाही. जाण्याआधीची तयारी त्यांना प्रवासापेक्षा जास्त आवडली असावी. मे ते सप्टेंबर रात्री राहायचं तर परवाना लागतो. प्रत्येक प्रवेशद्वारातून रोज ठरावीक गटच आत सोडतात, आणि परवाने जानेवारीच्या अखेरीस एका सकाळी खुले होतात. चांगल्या जागा बघता बघता संपतात. एका गटात नऊपेक्षा जास्त माणसं नकोत, चारपेक्षा जास्त कनू नकोत. पत्र्याचे डबे आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. हा शेवटचा नियम ऐकून आईने साताऱ्याहून पाठवलेली लोणच्याची बरणी बाबांनी स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि प्लॅस्टिकच्या डब्यात एकेक फोड मोजून भरली. बाकी आमच्या जेवणाला या नियमाने काही फरक पडला नाही. थालीपिठाची भाजणी, डाळीचं पीठ, पोहे, मेतकूट. अमेरिकन लोक वाळवलेल्या जेवणाची पाकिटं दुकानातून महागात घेतात, तेव्हा मला पिठल्याचा अभिमान वाटतो. रात्री हे सगळं अस्वलापासून वाचवायला दोराने उंच झाडावर, खोडापासून लांब टांगायचं, नाहीतर अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यात ठेवायचं. “आमच्याकडे शिंकं असायचं मांजरासाठी,” बाबा म्हणाले.

वल्ही आम्ही मारत होतो, बाबा मधे बसले होते. दुसऱ्या तलावात शिरल्यावर त्यांनी चारी बाजूंनी पाहून घेतलं.

“एवढं पाणी नुसतं पडून आहे?”

“पडून नाहीये बाबा, वाहतंय. उत्तरेला. शेवटी हडसनच्या उपसागराला जातं.”

“उतार असणार मग. इथे कुणी धरण बांधायचं म्हटलं नाही?”

म्हटलं होतं. एडवर्ड बॅकस नावाचा लाकूड आणि कागदाच्या धंद्यातला बडा माणूस होता. १९२५ मध्ये त्याने या सीमेवरच्या तलावांवर धरणांची साखळी बांधून वीज आणि गिरण्यांना पाणी काढायची योजना मांडली. काही तलावांची पातळी खूप चढली असती. बेटं आणि काठ पाण्याखाली गेले असते. त्याच्यापुढे उभा राहिला अर्नेस्ट ऑबरहोल्झर. रेनी लेकमधल्या एका बेटावर राहणारा, पुस्तकं आणि व्हायोलिन जवळ बाळगणारा, धंदा असा काही नसलेला माणूस. १९१२ मध्ये त्याने बिली मगी या ओजिब्वे, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका जाणकाराबरोबर कनूतून कॅनडाच्या पार उत्तरेपर्यंत प्रवास केला होता, एवढीच त्याची पात्रता. पण तो सुनावण्यांना गेला, माणसं जोडली, वॉशिंग्टनला खेटे घातले. १९३० मध्ये कायदा झाला, त्याने तलावांची पातळी बदलायला आणि काठापासून ४०० फुटांत झाडं तोडायला मनाई केली. बॅकसचं साम्राज्य मंदीत बुडालं. १९३४ मध्ये सीमेच्या दोन्ही देशांच्या संयुक्त आयोगानेही धरणांना नकार दिला.

हे सगळं मी वल्हवता वल्हवता सांगितलं, त्यामुळे अर्धं धापांत गेलं असेल. बाबांनी ऐकून घेतलं.

“बॅकसचा हिशेब चुकीचा नव्हता,” ते म्हणाले. “पाणी आहे, उतार आहे, खडक पक्का आहे. मी पण हेच सुचवलं असतं.”

“आणि कोयनेला कुणी ऑबरहोल्झर नव्हता का?”

“वीज हवी होती गं. रात्री अभ्यास कंदिलावर करायचो आम्ही.” थोड्या वेळाने ते म्हणाले, “शिवसागराच्या भोवती आता वाघांसाठी राखीव रान आहे की. अभयारण्य ८५ला झालं, व्याघ्र प्रकल्प २०१०ला. गावं उठली तेव्हा तिथे जंगल वाढलं.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय इथेही गावं उठली होतीच, वेगळ्या तऱ्हेने. ज्या पाण्यात आम्ही कनू घातली ते १८५४च्या तहाने ओजिब्वे लोकांनी सोडून दिलेल्या मुलखात येतं. शिकार, मासेमारी आणि रानातलं गोळा करायचा हक्क मात्र त्यांनी त्या तहात राखून ठेवला होता. कनूचा आकार त्यांचा, वाटा त्यांच्या, आणि तलावांच्या उथळ कडेला उगवणारा रानतांदूळही त्यांचा, ज्याला ते मनोमिन म्हणतात. दोघं कनूत बसतात, एक ढकलतो, दुसरा काठ्यांनी लोंब्या वाकवून दाणे कनूतच झाडतो. ‘मानवी पाऊलखुणा नसलेलं रान’ असं काही या भागाबद्दल कुणी म्हणालं, की हा तांदूळ आठवावा.

पाण्याची पातळी लूनला किती महत्त्वाची आहे ते बाबांनाच आधी लक्षात आलं. लूनचे पाय शरीराच्या इतके मागे असतात की त्याला जमिनीवर धड चालता येत नाही. पोहायला आणि बुडी मारायला ते उत्तम, बाकी कशाला नाहीत. म्हणून तो घरटं अगदी पाण्याच्या कडेला करतो, सरपटत चढता येईल असं. “म्हणजे पातळी वीतभर चढली तरी अंडी गेली,” बाबा म्हणाले. जलाशयांच्या पातळ्या आयुष्यभर वहीत नोंदवलेल्या माणसाचं ते वाक्य होतं. बेटाच्या आडोशाला एक जोडी दिसली. काळं डोकं, लाल डोळे, पाठीवर पांढऱ्या चौकटी, आणि एकाच्या पाठीवर बसलेलं करडं पिल्लू. बाबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रात्री त्यांच्यातला एक ओरडला तेव्हा मात्र ते तंबूत ताडकन उठून बसले. लूनच्या हाका चार तऱ्हेच्या असतात. त्यातली एक लांडग्यासारखी लांबते आणि एक वेड लागल्यासारखं हसते. आम्हाला नेमकी हसणारी ऐकू आली.

मूस लेकवर मोटरबोटी चालतात, २५ अश्वशक्तीपर्यंत. एक बोट आमच्या शेजारून गेली, तिच्या टपावर दोन कनू बांधलेल्या, आत आरामात बसलेली माणसं. “हे बरं आहे की,” बाबा म्हणाले. त्या ‘बरं आहे’वरून इथे माणसांनी एकमेकांचं तोंड बघायचं सोडलं होतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर पाण्यावर उतरणारी विमानं मासेमारांना थेट आतल्या तलावांवर नेऊ लागली. १९४९ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी आदेश काढून या रानावर समुद्रसपाटीपासून ४,००० फुटांच्या खाली विमानं उडवायला बंदी घातली. रानं राखण्यासाठी झालेल्या १९६४च्या कायद्यात या भागाचं नाव आलं, पण मोटरी आणि लाकूडतोड यांना पळवाटा राहिल्या. त्या बुजवायची मागणी झाली, तेव्हा ईली गावात संतापाची आग लागली. ईली म्हणजे या रानाचा उंबरठा, तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव. १९६७ मध्ये तिथली शेवटची लोखंडाची खाण बंद झाली होती. आता तलावावर मोटर लावायची नाही, बर्फावर स्नोमोबिल न्यायची नाही, आणि काठावरची विश्रामगृहं सरकारला विकायची, हे शहरातली माणसं सांगणार? १९७७च्या सुनावणीला लाकडाच्या ट्रकवर या रानासाठी लढणाऱ्या सिगर्ड ओल्सन आणि मायरन हाइन्सलमन यांचे पुतळे फासावर लटकवले होते. ओल्सन परका नव्हता. तो ईलीतच शिकवायचा, तिथल्याच तलावांवर वाटाड्या म्हणून वल्हवायचा आणि त्यांच्यावरच लिहायचा. १९७८ मध्ये कायदा झाला. बहुतेक तलावांतून मोटरी गेल्या, लाकूडतोड थांबली. मूस लेकवरच्या त्या २५ अश्वशक्ती म्हणजे त्याच कायद्यातली तडजोड.

मला विचाराल तर कायदा बरोबर होता. पण ओल्सनच्या पुतळ्याला दोर बांधणाऱ्या माणसांत माझ्या शेजाऱ्याचा कुणी काका-मामा असू शकतो, हे विसरून मला तसं म्हणता येत नाही.

आजचं भांडण तांब्याचं आहे. ईलीच्या दक्षिणेला, बर्च लेकजवळ, जमिनीत तांबं आणि निकेल आहे. ट्विन मेटल्स नावाच्या कंपनीला ते काढायचंय. तिची मालक चिलीतली आंतोफागास्ता. हा धातू गंधकाशी जोडलेल्या खडकात असतो. तो खडक फोडून हवा-पाण्यात उघडा पडला की आम्ल तयार होऊ शकतं, आणि तिथलं पाणी कविशिवी नदीतून सरळ बाउंडरी वॉटर्समध्ये उतरतं. रानतांदळाला तर सल्फेट जरासुद्धा जास्त झालेलं सोसत नाही. त्याच्या पाण्यासाठी राज्याने १९७३ मध्येच लिटरला १० मिलिग्रॅमची मर्यादा घातलेली आहे. तिची अंमलबजावणी किती झाली हा स्वतंत्र संतापाचा विषय.

खाणीचे भाडेपट्टे ओबामांच्या काळाच्या शेवटी नाकारले गेले, ट्रम्प यांच्या काळात परत मिळाले, बायडन यांच्या काळात जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा रद्द झाले. जानेवारी २०२३ मध्ये त्या पाणलोटातली सव्वादोन लाख एकर सरकारी जमीन वीस वर्षं खाणींपासून बाजूला ठेवायचा आदेश निघाला. वीस वर्षं म्हणजे खूप, असं तेव्हा वाटलं होतं. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलल्यावर तो आदेश उलटवायच्या हालचाली सुरू झाल्या. धरण एकदा नको म्हटलं की निदान बॅकस तरी म्हातारा व्हायचा. तांबं जमिनीत तसंच राहतं आणि दर चार वर्षांनी ताजं होतं.

आदेशाआधी सरकारने लोकांची मतं मागवली होती तेव्हा मीही लिहून पाठवलं. डेव्ह आणि एमी फ्रीमन या दांपत्याने त्याच्याही आधी, २०१४ मध्ये, ईलीहून वॉशिंग्टनपर्यंत कनू वल्हवत नेली होती. वाटेत भेटलेल्या माणसांनी अर्जावर करावी तशी त्या कनूवरच सही करायची. पुढे ते दोघं सबंध वर्ष या रानातच राहिले, हिवाळ्यासकट. माझं पत्र त्यामानाने पान-दीड पानाचं. त्यात लून होता, तांदूळ होता, बाबांचा पातळीबद्दलचा मुद्दाही घातला होता. माझी गाडी विजेवर चालते आणि तिच्यात तांबं भरपूर आहे, हे घातलं नव्हतं. मुलीने वाचून तेवढंच विचारलं.

ईलीच्या रस्त्यावर एका अंगणात ‘बाउंडरी वॉटर्स वाचवा’ची पाटी असते आणि शेजारच्या अंगणात ‘आमचा खाणकामाला पाठिंबा’. दोन्ही घरांपुढे ट्रेलरवर कनू. पर्यटनाने रोजगार येतोच, असं आम्ही शहरातले सांगतो. खरं आहे ते. कनू भाड्याने देणारे, वाटाडे, खाणावळी यांचं चांगलं चालतं. पण उन्हाळा चार महिन्यांचा, आणि खाणीच्या पगारावर घरं उभी राहिलेली माणसं खाणावळीच्या पगारावर मुलांना गावात कशी ठेवणार? याचं नीट उत्तर आमच्या बाजूने कुणी देत नाही. शिवाय आम्हीही काही हलके नाही. वर्षाला सुमारे दीड लाख माणसं या रानात येतात. करोनाच्या उन्हाळ्यात इतकी गर्दी झाली आणि तळांवर इतका कचरा, इतकी तोडलेली ओली झाडं सापडली, की २०२२ पासून वनखात्याने परवानेच कमी केले. मला त्या वर्षी हवा तो तलाव मिळाला नाही. चिडायचा हक्क नव्हता, तरी चिडले.

मुलगी चौदाची झाली तेव्हा शेजाऱ्याने तिला हंगामाच्या पहिल्या दिवशी मासेमारीला नेऊ का असं विचारलं. आमच्या घरात यावर मोठी चर्चा झाली. बाबांशी फोनवर झाली ती आणखी मोठी. बाबा म्हणाले, “जाऊ दे तिला. पकडून सोडून दे म्हणावं.” ती गेली, आणि येताना एक वेगळीच गोष्ट घेऊन आली. गळ खाली जायला दोरीला जे छोटं वजन लावतात ते बहुतेक वेळा शिशाचं असतं. लून तळाचे खडे गिळतो, पोटात माशांची हाडं दळायला. त्यात हरवलेलं शिशाचं वजन गेलं, किंवा दोरी तोडून पळालेला मासा वजनासकट गिळला, की तेवढ्या एका गोळ्याने तो मरतो. मिनेसोटात जवळजवळ बारा हजार लून आहेत, अलास्का सोडली तर देशात सर्वांत जास्त. आणि त्यांच्या मरणाचं एक ठळक कारण, त्यांच्या तलावांसाठी ज्यांचे पैसे येतात त्यांच्याच खोक्यात असतं. न्यू हॅम्पशायर आणि मेन या राज्यांनी शिशाच्या लहान वजनांवर बंदी घातली. इथे बंदी नाही, समजावणं आहे. जुनं शिसं आणून द्या, बदल्यात कथील किंवा टंगस्टनची वजनं न्या. या कामाला मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० सालच्या तेलगळतीच्या नुकसानभरपाईतूनही पैसा आला, कारण इथले बरेच लून हिवाळ्याला तिथे जातात.

राज्यपक्ष्याला मारणारी वस्तू दुकानात टांगून ठेवायची आणि मग कराच्या फॉर्मवर त्याच्यासाठी दान मागायचं, याचा मला राग येतो. हा राग मी शेजाऱ्याकडेच काढला. त्याने वाद घातला नाही. त्याचं म्हणणं, कायदा आणला असता तर निम्मे लोक मुद्दाम शिसं वापरत राहिले असते, लांडग्याचं बघ. मिनेसोटात १९६५ पर्यंत लांडगा मारला की बक्षीस मिळायचं. मग संरक्षण आलं, मग काढलं, २०१२ ते २०१४ शिकार झाली, मग न्यायालयाने पुन्हा संरक्षण दिलं, पुन्हा काढलं, २०२२ मध्ये पुन्हा दिलं. “रानात एकदाही न गेलेले वकील ठरवतात,” तो म्हणाला. लांडगे हरणं खातात अशी त्याची तक्रार आहे. मी म्हटलं, तूही खातोस. लांडग्यावर आमचं कधीच जमणार नाही.

पण बंदुकीच्या बाबतीत तो आधीच बदललेला निघाला. हरीण मारल्यावर आतडी रानातच टाकून देतात, आणि गरुड ती खातात. शिशाच्या गोळीचे कण त्यात विखुरलेले असतात. इथल्या विद्यापीठाच्या शिकारी पक्ष्यांच्या दवाखान्यात दर हिवाळ्यात असे विषबाधा झालेले गरुड येतात. मान टाकलेली, पंख उचलता न येणारी. तिथे एकदा नातवाला घेऊन गेला आणि तेव्हापासून तो तांब्याच्या गोळ्या वापरतो. महाग पडतात, म्हणाला, पण फुटत नाहीत.

विक्रीकराची पंचवीस वर्षं २०३४ मध्ये संपतात. तोवर मुलगी मतदार झालेली असेल. शेजारी आत्ताच सांगतो की बदकांसाठी तो ‘हो’ म्हणेल, पण कलेचा वाटा कापून टाका. मी म्हणते, नाटकवाल्यांची मतं नसती तर २००८ लाच पडलं असतं. यावर तो बर्फाचं फावडं उचलतो, म्हणजे त्याला पटलेलं असतं.

“तांब्याच्या गोळ्या,” मी परवा विचारलं, “आणि ईलीच्या खाणीला पाठिंबा?”

“तांबं कुठून तरी यायलाच हवं ना? तुझी गाडीही त्याच्यावरच चालते.”

“चिलीतून येतं. कंपनीही तिकडचीच आहे.”

“हो, ते मलाही आवडत नाही,” तो म्हणाला. “खाण इथे आणि पैसा तिकडे. माझ्या वडिलांच्या वेळी निदान मालक पिट्सबर्गमध्ये होते.” मग त्याने यंदाच्या हंगामाला मुलीला नेऊ का असं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत खिशातून एक डबी काढून हलवून दाखवली. सगळी टंगस्टनची. ते कुठून येतं हे मी विचारलं नाही.